ताईचा लेखनिक आणि आमची गच्ची

"काकू, या खोलीत ओल आहे का? वास येतोय."

ताई पहिल्यांदा आमच्या घरी आली, तेव्हा बसल्या बसल्या तिने हे विचारलं. आम्ही सगळे जरा ओशाळलो. ओल होतीच. मागच्या पावसाळ्यात छताला पडलेला डाग जानेवारी आला तरी वाळला नव्हता. पण रोज त्या खोलीत वावरून आमच्या नाकाला त्याची सवय झाली होती. सासूबाई लगबगीने उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. त्या दिवसापासून 2025 मधली दोन मोठी कामं आमच्या घरात एकाच वेळी सुरू झाली. एक म्हणजे माझ्या मुलाने ताईच्या दहावीच्या परीक्षेला लेखनिक म्हणून, म्हणजे ती सांगेल ते लिहायला, बसायचं, आणि दुसरं म्हणजे पावसाळ्याआधी गच्ची दुरुस्त करून घ्यायची.

ताई म्हणजे माझी कुणी नात्यातली नव्हे. ती जन्मापासून दृष्टिहीन आहे, आणि मुलापेक्षा वर्षभराने मोठी म्हणून तो तिला ताई म्हणू लागला, मग आम्हीही. ती जिथे राहते त्या वसतिगृहात मी दोन वर्षं दुसऱ्या-चौथ्या शनिवारी दुपारी जाते. मी बँकेत आहे, त्या शनिवारी सुट्टी असते. डबा तिथेच खाते आणि मुलींना पुस्तकं वाचून दाखवते. पाठ्यपुस्तकं त्यांना ब्रेलमध्ये मिळतात, पण मार्गदर्शकं, जुन्या प्रश्नपत्रिका, वर्तमानपत्रातलं काही हवं असलं तर वाचणारा माणूस लागतो. डिसेंबरात तिथल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ताईचा ठरलेला लेखनिक ऐनवेळी नाही म्हणाला. त्याच्या आईवडिलांना त्याच्या स्वतःच्या अभ्यासाची काळजी वाटत होती. त्यांना मी बोल लावणार नाही. माझ्याही मनात तीच काळजी पहिल्यांदा आली. मुलगा नववीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये नऊ पेपर म्हणजे त्याची तितक्या दिवसांची शाळा बुडणार, आणि एप्रिलमध्ये त्याची वार्षिक परीक्षा.

पण अडचण अशी, की हे काम दुसरं कुणी करूच शकत नाही. दहावीच्या परीक्षेला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. मी पदवीधर असून मला बसता येत नाही, बारावी झालेल्या शेजारच्या मुलालाही नाही. उत्तर परीक्षार्थीचंच असावं म्हणून तो नियम आहे आणि तो योग्यच आहे. म्हणजे नववीतला, वळणदार अक्षर असलेला, तीन-चार तास एका जागी बसू शकणारा आणि घरचे हो म्हणतील असा मुलगा शोधायचा. तो मिळेपर्यंत वर्षभर अभ्यास केलेली मुलगी टांगणीला लागते.

मी घरी येऊन मुलाला विचारलं. तो म्हणाला, "माझं अक्षर चालेल का?" बस, एवढंच.

मग कागदपत्रं. ताईच्या शाळेचा अर्ज, तिचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आमच्या शाळेचा मुलगा नववीत शिकत असल्याचा दाखला, फोटो, आमचं संमतीपत्र. आमचा सातारा जिल्हा दहावीच्या परीक्षा मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतो, तिथून मंजुरी यायची होती. त्यात फार काही सांगण्यासारखं नाही. दोन फेऱ्या झाल्या आणि काम झालं.

सराव मात्र सांगण्यासारखा आहे. जानेवारीपासून दर रविवारी सकाळी मी ताईला वसतिगृहातून घेऊन यायची. दोघं त्या ओल आलेल्या खोलीतच बसत, कारण घरात तेवढीच एक शांत जागा. पहिल्या रविवारी मुलगा धडाधड प्रश्न वाचत सुटला. ताईने त्याला थांबवलं. "आधी सगळा पेपर वाच. प्रत्येक प्रश्नाला किती गुण ते सांग. मग मी सांगेन कुठून सुरू करायचं ते." आपण डोळ्यांनी पेपरवरून एक नजर फिरवतो, कुठला प्रश्न सोपा, कुठला मागे ठेवायचा ते आपोआप ठरतं. तिला ती नजर याच्या आवाजातून मिळायची होती. मग प्रश्न दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा सावकाश. जोड्या लावा असेल तर अ गट पूर्ण, मग ब गट पूर्ण, मग पुन्हा अ गटातला एकेक. इंग्रजीत अडला शब्द ती स्पेलिंगसह सांगायची. परिच्छेद कुठे पाडायचा तेही तीच सांगायची. लिहून झालं की शेवटचं वाक्य वाचून दाखवायचं.

ताई स्वतःचे मुद्दे ब्रेलमध्ये टिपून आणायची. पाटीत जाड कागद अडकवून ती टोचणीने ठिपके उमटवते, तेव्हा टक टक असा बारीक आवाज येतो. आमची धाकटी त्या आवाजाने तिच्यापाशी जाऊन बसली. ताईने तिला सहा ठिपक्यांचं घर समजावून सांगितलं. टोचताना उजवीकडून डावीकडे लिहायचं, कारण ठिपके कागदाच्या पाठीवर वर येतात. कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचता येतं. धाकटीने आपलं नाव टोचून घेतलं आणि तो कागद आजही तिच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी ती गोष्ट घडली. इतिहासाचा सराव चालू होता. ताईने एका उत्तरात साल चुकीचं सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, मलाही कळलं. मुलाचं पेन थांबलं. ताई म्हणाली, "थांबलास का? चुकलं ना माझं?" तो गप्प. ती म्हणाली, "तू थांबलास की मला कळतं. परीक्षेत असा थांबलास तर ते सांगितल्यासारखंच झालं. मी चुकले तर चूक माझी असू दे. मी जे बोलेन ते लिही."

त्या दिवशी जेवताना तो काही बोलला नाही. रात्री मला विचारलं, "आई, मला येत असताना चुकीचं कसं लिहायचं गं?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "ते उत्तर तुझं नाहीच आहे रे. तू तिचा हात आहेस." पण हे बोलणं सोपं आणि करणं किती अवघड, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पुढचे तीन रविवार त्याने न थांबता लिहायचाच सराव केला.

21 फेब्रुवारीला मराठीचा पेपर. त्या वर्षी दहावीची परीक्षा दरवर्षीपेक्षा दहाएक दिवस आधी होती. ताईला तासामागे वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. त्यांना वेगळी खोली दिली होती, कारण मोठ्याने बोलून लिहायचं असतं. मी केंद्राबाहेर कडुलिंबाखाली बसून होते. बाकीची मुलं सुटून घरी गेली, फाटकापाशी सामसूम झाली, आणि नंतर तासाभराने ही दोघं बाहेर आली. ताईचा घसा बसला होता, मुलाचं मधलं बोट पेनापाशी लाल झालं होतं. घरी सासूबाईंनी दोघांना आल्याचा चहा दिला आणि मुलाच्या बोटाला खोबरेल तेल लावलं. सतरा मार्चच्या शेवटच्या पेपरपर्यंत हा नेम चालला.

विज्ञानाच्या एका पेपरानंतर मुलगा घरी येऊन गच्चीवर जाऊन बसला. मी वर गेले. तो म्हणाला, "एक उत्तर चुकीचं सांगितलं तिने. मी लिहिलं." कुठलं ते त्याने मला सांगितलं नाही, ताईलाही नाही, आजपर्यंत नाही. मी विचारलंही नाही. त्याच्या शेजारी बसून राहिले. बसल्या जागी कोब्याला, म्हणजे गच्चीच्या वरच्या थराला, गेलेली भेग बोटाने चाचपत होते, तेव्हाच पक्कं ठरवलं की हे काम आता पुढच्या वर्षावर टाकायचं नाही.

आमचं घर सासऱ्यांनी 1988 साली बांधलं. सासूबाई सांगतात, की स्लॅब भरला त्या दिवशी गल्लीतली सगळी माणसं घमेली पुढे द्यायला आली होती आणि त्यांनी पिठलं-भाकरी आणि शिरा केला होता. त्यानंतर कितीतरी दिवस त्या आणि सासरे सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी वर नेऊन स्लॅबवर मारत. तोच स्लॅब आता गळत होता. दोन वर्षांपूर्वी आम्ही एकाला बोलावून गच्चीवर नुसता रसायनाचा रंग मारून घेतला होता. पहिलं वर्ष बरं गेलं, दुसऱ्या उन्हाळ्यात पापुद्रे सुटले. पैसे गेलेच, शिवाय वर रंग असल्यामुळे खालच्या भेगा आम्हाला दिसल्या नाहीत.

हे कामानिमित्त पुण्यात असतात, शनिवारी रात्री येतात. म्हणून मिस्त्रींशी बोलणं माझ्याकडेच होतं. मिस्त्री साठीचे, कोरेगावकडचे. त्यांनी आधी दर सांगितलाच नाही. हातोडी घेऊन अख्ख्या गच्चीवर ठोकत फिरले. जिथे कोबा स्लॅबला धरून होता तिथे खणखणीत आवाज, जिथे सुटला होता तिथे बद्द. मुलगा त्यांच्यामागे खडू घेऊन फिरला आणि बद्द आवाजाभोवती रेघ ओढत गेला. शेवटी पाहिलं तर निम्म्याहून जास्त गच्ची खडूच्या रेघांत होती. मग खाली येऊन त्यांनी छताचा डाग खरवडला. गिलाव्याचा पोपडा हातभर निघाला आणि आतली सळई दिसली, गंजून फुगलेली. लोखंड गंजलं की फुगतं आणि अंगावरचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलतं, हे त्यांनी बोटांनी मूठ उघडून दाखवलं.

त्याच छताला झोपाळ्याचा जुना हूक आहे. धाकटीला त्याला दोर टांगून हवा होता. ती दोरीचा मल्लखांब शिकते. खरं तर तिला धनुष्यबाण हवं होतं, कारण आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, तेव्हापासून गावातल्या निम्म्या मुलींना तेच हवं आहे. पण घराजवळच्या आखाड्यात एकदा तिने मुलींना दोरावर पाहिलं आणि बाण विसरली. पूर्वी दोराच्या जागी वेत असायचा, म्हणून त्याला वेताचा मल्लखांब म्हणत, असं तिच्या सरांनी सांगितलं होतं. ते तिने मिस्त्रींनाही सांगितलं आणि विचारलं, "काका, या हुकाला दोर बांधू?" मिस्त्री म्हणाले, "नगं बाळा. हुकाच्या बाजूची सळई गेल्याली हाय. दोर तिकडं आखाड्यातच बरा." तिचा चेहरा उतरला. पण मी मनात हात जोडले. सुट्टीत आपणच तो दोर बांधून देणार होतो.

21 एप्रिलला काम सुरू झालं. जुना कोबा फोडायला तीन दिवस लागले. घरभर धूळ. भांडी दोनदा घासून घ्यायची, अंथरुणं झाडायची, आणि मुलाचे शेवटचे पेपर त्याच आवाजात. मग स्लॅब धुऊन भेगा खोदून भरल्या. खालून छताच्या सळया तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून, पॉलिमरचा माल थापला. त्यानंतर विटांचा कोबा. विटांचे तुकडे मालात बसवत जायचे, कठड्याकडून पन्हळीच्या तोंडाकडे ढाळ देत. ढाळ साधारण शंभरास एक, म्हणजे दहा फुटाला सव्वा इंच. मिस्त्रींनी पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून कठड्यावर खुणा केल्या. नळीचं एक टोक मुलाच्या हातात, दुसरं त्यांच्या. "हलू नको, पाणी थांबू दे. पाणी खोटं बोलत न्हाई." मुलाला ते काम फार आवडलं. कठड्याच्या कोपऱ्याला काटकोन न ठेवता मालाची गोलाई दिली, म्हणजे सांध्यात पाणी बसत नाही. मागच्या वेळी तेच केलं नव्हतं आणि सगळ्यात जास्त पाणी तिथूनच उतरत होतं.

विटा बसल्यावर चारी बाजूंनी आळी करून पाणी साठवलं. आठवडाभर ते आटू द्यायचं नव्हतं. इथे सासूबाई पुढे आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी जिना चढत नाहीत. पण रोज पहाटे कठड्याला धरून वर जायच्या, पाइप धरायच्या आणि आळ्यांतून पाणी भरायच्या. मी म्हटलं, "आई, मी करते, तुम्ही बसा." त्या म्हणाल्या, "हा स्लॅब मी पाणी पाजून वाढवलाय." मी पुढे काही म्हटलं नाही, नुसती मागे उभी राहायची. पाणी उभं असताना रोज रात्री मी खालून छत बॅटरी लावून बघायची. छत कोरडं राहिलं.

13 मेला वरचा सिमेंटचा शेवटचा थर होता, आणि त्याच दिवशी दुपारी एकला दहावीचा निकाल. सकाळी सातला काम सुरू झालं. ताईला मी घरीच आणलं होतं. एकला मुलाने माझ्या फोनवर तिचा बैठक क्रमांक टाकला. पान उघडेना. पुन्हा टाकला. तिसऱ्या वेळी उघडलं. त्याने पेपर वाचायचा त्याच पद्धतीने वाचलं: आधी विषय, मग गुण, सावकाश, दोनदा. शेवटी टक्के, 78.40. ताई काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, "विज्ञान परत वाच." त्याने परत वाचलं. ती हसली आणि तिने त्याच्या हातावर टाळी दिली. सासूबाईंनी तिच्या तोंडात गूळ घातला, पेढे यायला वेळ होता.

चारच्या सुमारास पश्चिमेला यवतेश्वरच्या डोंगरावर काळं भरून आलं. वरचा थर अजून ओला होता. मिस्त्री ओरडले, "ताडपत्री आणा!" एक ताडपत्री आमची, एक शेजारच्या काकांची, एक मिस्त्रींच्या टेम्पोतली. ती थरावर टेकवायची नव्हती, नाहीतर घोटलेला माल उचलला असता. म्हणून बांबू आडवे टाकून वर ताणून धरायची होती. मी, मुलगा, मिस्त्री, दोन बिगारी, काका. धाकटीने कठड्यापाशी दोराची गाठ मारली. आखाड्यात शिकलेली ती गाठ तासभर वाऱ्यात सुटली नाही. वळवाचा पाऊस असा आला की समोरचं दिसेना. ताई खाली जिन्यात उभी होती आणि आवाजावरून सांगत होती, "काकू, डावीकडे पाणी साचतंय ताडपत्रीत, तिथे जड आवाज येतोय." मिस्त्रींनी तिथे खालून बांबू लावून पाणी उडवलं. तरी एका कोपऱ्यात चार-पाच फुटांचा तुकडा पावसाने टोचला गेला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी तो खरवडून नव्याने केला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. बाकी सगळं टिकलं.

त्यानंतर मे महिना पावसातच गेला. 25 मेला मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोचलासुद्धा. आम्ही मे अखेर काम संपवायचं ठरवलं होतं. तसंच धरून बसलो असतो तर उघडा स्लॅब घेऊन पावसाळ्याला तोंड द्यावं लागलं असतं. सातशे चौरस फुटांना, छताच्या कामासकट, एक लाख बारा हजार लागले. हौसेने जमवलेल्या सहलीच्या पैशांतले बरेच त्यात गेले. मुलांनी एकदाही कुरकुर केली नाही.

आणि ज्यांची मुलं आठवी-नववीत आहेत, त्यांना मला अगदी कळकळीने सांगायचं आहे, की आपल्या गावात दृष्टिहीन मुलं कुठे शिकतात ते बघा आणि दिवाळीच्या आतच जाऊन विचारा. जानेवारीत शोधाशोध सुरू झाली की सरावाला वेळ उरत नाही. माझ्या मुलाला वार्षिक परीक्षेत गेल्या वर्षीपेक्षा चार टक्के कमी पडले. मला त्याचं दुःख नाही. त्यालाही नाही, हे मी त्याला विचारून लिहिते आहे.

2025 मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. ताईचा अर्ज आम्ही त्याच खोलीत बसून भरला. महाविद्यालयांची यादी मुलाने वाचली, पसंतीक्रम तिने सांगितला. तिला कला शाखा मिळाली. बारावीला ती 2027 मध्ये बसेल, तेव्हा हा अकरावीत असेल, म्हणजे पुन्हा एक इयत्ता खाली. हा हिशोब त्या दोघांनी मला न सांगता कधीच करून ठेवला होता.

पण दहावीला आता हा कुणाचा लेखनिक होऊ शकत नाही, कारण तो स्वतःच दहावीत आहे. वसतिगृहातल्या आणखी दोन मुली यंदा परीक्षेला आहेत. म्हणून त्याने शाळेतली नववीतली दोन मुलं गाठली आहेत. रविवारी सकाळी ती आमच्याकडे येतात. छत पांढरं झालंय, झोपाळ्याचा हूक रिकामाच आहे, बाहेर पाऊस असतो. मुलगा डोळे मिटून बसतो आणि त्यांना उत्तरं सांगतो. मध्येच मुद्दाम एखादं साल चुकीचं सांगतो, आणि पेन थांबतं का ते ऐकतो.